आव, अमीबा आणि आतड्याचे सारवण



‘आव पडते’ ही तक्रार माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येते. सांगणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची असते, सांगताना आवाज थोडा खाली आणते आणि पुढचे वाक्य जवळजवळ ठरलेले असते : ‘जुनाच अमीबा आहे, नेहमीच्या गोळ्या लिहून द्या.’ आव म्हणजे अमीबा आणि अमीबा म्हणजे त्या गोळ्या, हे समीकरण आपल्या घराघरांत इतके रुळले आहे की त्याच्या आड एखादा गंभीर आजार महिनोन् महिने झाकून राहतो. आजचा लेख या समीकरणाविषयी आहे.

गेल्या वर्षी एक सूनबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. सासरे एकाहत्तर वर्षांचे, एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. (लेखासाठी या कुटुंबाची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, बाबांनी सकाळचं फिरणं बंद केलंय. भजनाला जात नाहीत. परवा नातीच्या साखरपुड्यालाही गुडघ्याचं निमित्त सांगून आले नाहीत. पण रात्री तीन-तीन वेळा संडासचा दिवा लागतो.’

काकांना बोलावून घेतले, तेव्हा त्यांनी खिशातून कडा विरलेली, घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. आठ महिन्यांपूर्वी मीच लिहून दिलेली ती चिठ्ठी होती : मेट्रोनिडाझोल, पाच दिवस. त्या वेळी जुलाब थांबले होते. पुढे आव दिसली की काका तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणत राहिले. असे पाच-सहा वेळा झाले. मधल्या काळात शौचाबरोबर रक्तही दिसू लागले होते. ती मूळव्याध असणार, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. ‘पुन्हा त्रास झाल्यास गोळ्या न घेता तपासणीस यावे’ एवढे एक वाक्य मी त्या चिठ्ठीवर लिहिले नव्हते. ते लिहायला हवे होते.

काकांना काय झाले होते, हे समजण्यासाठी आधी आतड्याची आतली बाजू पाहू.

रोज झिजणारे, रोज नवे होणारे सारवण

आपल्यापैकी अनेकांचे बालपण मातीच्या घरात गेले आहे. शेणाने सारवलेली जमीन आपल्याला आठवत असेल. त्या पातळ थरामुळे धूळ उडत नसे, माती उखडत नसे. मात्र तो पायाखाली झिजत असे, म्हणून घरातील बायका ठरावीक दिवसांनी पुन्हा सारवत. सारवणे थांबले की भुईला भेगा पडत आणि भेगांतून मुंग्या वर येत.

आतड्याच्या आतील पृष्ठभागावर असाच एक थर असतो. त्याला श्लेष्मथर म्हणतात. श्लेष्मा म्हणजे बुळबुळीत, पारदर्शक स्राव. पाण्यात भिजलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जमणारे बुळबुळीत आवरण डोळ्यांसमोर आणावे. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागातील मुख्य घटक म्हणजे म्युसिन ही प्रथिने. या प्रथिनाच्या लांब धाग्यावर शर्करेच्या साखळ्या बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारख्या दाट उभ्या असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या खास पेशी असतात. त्या हा स्राव अखंड तयार करीत असतात.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व या दीड मीटरमध्येच राहतात. ते आपले शत्रू नव्हेत. न पचलेल्या चोथ्यावर ते जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या पेशींना उपयोगी पडणारी द्रव्ये तयार करतात. अट एकच : त्यांनी पोकळीत राहावे, भिंतीला भिडू नये. भिंतीला भिडलेल्या जिवाणूला शरीर आक्रमक समजते आणि तेथे दाह सुरू होतो.

ही अट पाळली जाते ती श्लेष्मथरामुळे. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात, हे स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने २००८ साली उंदरांवरील अभ्यासात दाखवून दिले. पुढे माणसाच्या आतड्यातही तशीच रचना आढळली. वरचा पदर सैल असतो आणि त्यात जिवाणू नांदतात. आतला पदर दाट असतो, भिंतीला घट्ट चिकटलेला असतो आणि निरोगी अवस्थेत तो जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. आतड्याचा तुकडा नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये ठेवला की हा पाणीदार थर आक्रसून जातो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तो कित्येक वर्षे नीट दिसलाच नव्हता. उंदरांमध्ये आतला पदर एक-दोन तासांत नवा होतो. सारवण्याचे काम तेथे अहोरात्र चालू असते.

दाह झाला की काय बिघडते

हा थर निरनिराळ्या आजारांत निरनिराळ्या प्रकारे बिघडतो. प्रथम अमीबाविषयी, कारण तो खोटा आजार नव्हे. आमांश उत्पन्न करणारा अमीबा म्युसिनवरील शर्करेला चिकटतो, मग आपल्या पाचक द्रव्यांनी म्युसिनचे धागे तोडतो आणि पडलेल्या भगदाडातून भिंतीत शिरतो. त्यातून आव आणि रक्त पडू लागते. मात्र या अमीबाची लागण झालेल्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांना कोणताही त्रास होत नाही. शिवाय हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, पण निरुपद्रवी असा दुसरा एक अमीबाही असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या कोषांमधला फरक ओळखता येत नाही. म्हणजे शौचाच्या अहवालात ‘कोष आढळले’ असे लिहून आले, तरी त्रासाचे कारण तेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. आपल्याकडील जुनी मंडळी ज्या अनेक विकारांना सरसकट ‘संग्रहणी’ म्हणत, त्यांपैकी हा एक असावा. यात कोणताही एक जंतू दोषी नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच चालून जाते. दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. या आजारात पेल्याच्या आकाराच्या पेशी कमी होतात, उरलेल्या रिकाम्या पडतात, थर पातळ होतो आणि एरवी जिवाणूंना अडवणारा आतला पदर त्यांना वाट देऊ लागतो. भिंतीला भिडलेल्या जिवाणूंमुळे दाह वाढतो आणि वाढलेल्या दाहामुळे थर आणखी झिजतो. हे दुष्टचक्र आपोआप क्वचितच थांबते.

क्रोन्स हा याच कुळातला तिसरा आजार. त्यात थराची जाडी नेहमीच कमी होते असे नाही. पण दाह भिंतीच्या सर्व थरांत खोलवर उतरतो, मधली काही ठिकाणे सोडून पुढे जातो, आणि व्रण पडलेल्या जागी आवरण तुटक होते.

येथे आपल्या मनात एक प्रश्न येईल. थर पातळ होतो म्हणता, मग शौचात आव वाढते कशी? उत्तर असे की चिडलेले आतडे आपला साठा घाईघाईने बाहेर टाकते. त्यात दाहामुळे पाझरलेला द्राव आणि पू मिसळतो. भांड्यात दिसणारी आव म्हणजे भिंतीवरून निखळलेले सारवण होय. जे भिंतीवर असायला हवे ते वाहून जात आहे. म्हणून ‘आव एकदाची पाडून टाकू’ या हेतूने एरंडेल किंवा दुसरा तीव्र रेच घेऊ नये. त्याने मूळ कारण जात नाही. उतारवयात अंगातील पाणी आणि क्षार मात्र झपाट्याने कमी होतात.

पुन्हा पुन्हा तीच गोळी

मेट्रोनिडाझोल हे उत्तम औषध आहे. अमीबाच्या खऱ्या आमांशावर ते हवेच. त्यानंतर आतड्यात उरलेले कोष नष्ट करण्यासाठी वेगळे औषधही द्यावे लागते, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या उपचारात नेमके तेच राहून जाते. पण कारण अमीबा नसताना ही गोळी वारंवार घेतल्यास काय होते? कॅनडातील संशोधकांनी २०११ साली उंदरांवर केलेल्या अभ्यासात, मेट्रोनिडाझोल दिलेल्या प्राण्यांचा श्लेष्मथर पातळ झाला आणि त्यांना नंतर दिलेल्या जंतूमुळे अधिक तीव्र दाह झाला. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही गरज नसताना जिवाणूनाशक औषध घेऊ नये, या सांगण्याला त्यामुळे बळ मिळते.

ज्येष्ठांसाठी आणखी काही धोके आहेत. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांमध्ये या गोळीमुळे रक्तस्राव होऊ शकतो. दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो. गुडघ्यांसाठी वरचेवर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांचाही येथे संबंध आहे. जठरातील श्लेष्मथर ज्या द्रव्यांच्या आधाराने टिकतो, तीच द्रव्ये या गोळ्या कमी करतात. त्यामुळे जठरात व्रण पडतात. आतड्याचा जुना दाहही त्यांनी उसळू शकतो. काका त्याही गोळ्या घेत होते आणि त्याबद्दल मी विचारेपर्यंत त्यांनी सांगितले नव्हते. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली लहान मात्रेची ॲस्पिरिन हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

कोणती आव साधी, कोणती नव्हे

शौचाबरोबर थोडासा श्लेष्मा निरोगी माणसालाही जातो. बद्धकोष्ठात कुंथल्यावर, मूळव्याधीत किंवा ताणतणावाने बिघडणाऱ्या चिडक्या आतड्याच्या विकारात पांढरट आव दिसू शकते. रक्त नाही, वजन टिकून आहे, झोपमोड होत नाही आणि त्रास अनेक वर्षांचा एकसारखा आहे, अशा वेळी घाबरण्याचे कारण सहसा नसते.

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास मात्र तपासणी लांबवू नये :

- आवेबरोबर रक्त, किंवा डांबरासारखे काळे शौच
- रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई
- तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली शौचाची सवय
- प्रयत्न न करता घटलेले वजन, ताप, वाढता थकवा किंवा फिकटपणा
- नुकतेच प्रतिजैविकाचे औषध घेतल्यानंतर सुरू झालेले जुलाब
- अकस्मात उठलेली तीव्र पोटदुखी आणि त्यानंतर रक्तमिश्रित शौच. यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा तरुणांचा आजार समजला जातो. पण आतड्याच्या या दीर्घ दाहाच्या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणांमध्ये निदान साठीनंतर होते. शिवाय या वयात मोठ्या आतड्याचा कर्करोगही नेमक्या याच लक्षणांनी सुरू होऊ शकतो. ‘मूळव्याधच असेल’ हे वाक्य तपासणीनंतर डॉक्टरांनी म्हणावे. आपण आधीच म्हणू नये.

तपासण्या पायरीपायरीने होतात. शौचाचा नमुना ताजा, शक्यतो अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचलेला असावा. शिळ्या नमुन्यात हलता अमीबा दिसत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले जाते. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाचे प्रमाण पाहिल्यास आतड्यात खरोखर दाह आहे की नाही, याचा अंदाज येतो. गरज भासल्यास दुर्बिणीने मोठे आतडे पाहून लहानसा तुकडा तपासला जातो. अमीबाचा आमांश कोलायटिस समजून स्टेरॉइड दिले गेल्यास तेही घातक ठरते, म्हणून दोन्ही बाजूंनी खात्री करून घ्यावी लागते.

ताटात काय असावे

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिशिगन विद्यापीठ आणि लक्झेंबर्ग येथील संशोधकांनी, माणसाच्या आतड्यातील निवडक जिवाणू असलेल्या उंदरांना चोथाविरहित आहार दिला. खायला चोथा मिळेना, तेव्हा त्या जिवाणूंनी श्लेष्मथरातील शर्कराच खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि आजार उत्पन्न करणाऱ्या जंतूला आत शिरणे सोपे झाले.

आपल्या घरांत हे कोठे घडते? दात गेल्यावर भाकरी सुटते, उसळ सुटते, भाजी ताटातच राहते. चहाबरोबर बिस्कीट, टोस्ट आणि रात्री मऊ भात एवढ्यावर दिवस निघतो. यावर उपाय म्हणजे कवळी नीट बसवून घेणे आणि पदार्थाचे रूप बदलणे. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, भरपूर लाल भोपळा किंवा दुधी घालून शिजवलेली मुगाची खिचडी, पालेभाजीचे पातळ गरगट्टे, पिकलेली पपई, केळे, असे पदार्थ चावावे लागत नाहीत आणि चोथा पुरवतात. प्रमाण हळूहळू वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते. इसबगोल घ्यायचे असल्यास पेलाभर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून अंतर ठेवून घ्यावे. गिळण्यास त्रास असलेल्यांनी आणि आतडे अरुंद झालेल्या रुग्णांनी ते घेऊ नये.

हा सल्ला शांत आतड्यासाठी आहे. दाह भडकलेला असताना चोथा आणि साली कमी करून मऊ, साधे अन्न द्यावे आणि पाण्याकडे लक्ष ठेवावे. क्षारसंजीवनीची पुडी २०० मिलिलिटरसाठी आहे की एक लिटरसाठी, हे तिच्यावर वाचूनच पाणी घ्यावे. हृदयाचे अथवा मूत्रपिंडाचे रुग्ण असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

काळजी घेणाऱ्यांशी दोन शब्द

वडीलधारी माणसे शौचाविषयी बोलत नाहीत. सुनेसमोर तर नाहीच. मात्र त्यांच्या वागण्यातून ते कळते : बाहेर जाणे टाळणे, समारंभात कडेची खुर्ची धरणे, कार्यालयात शिरताच शौचालय कोठे आहे ते पाहून ठेवणे, प्रवासाच्या दिवशी उपाशी राहणे. असे काही दिसल्यास चारचौघांत विचारू नये. मुलाने किंवा नातवाने एकांतात, सरळ शब्दांत विचारावे : दिवसातून किती वेळा, रात्री उठावे लागते का, रक्त दिसते का. दहा दिवसांची नोंद एका वहीत ठेवावी आणि घरातील सर्व गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात. जुन्या चिठ्ठीवर नवी औषधे आणू नयेत, ती चिठ्ठी माझी असली तरी.

काकांचे हिमोग्लोबिन बरेच उतरले होते. दुर्बिणीच्या तपासणीत डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. पोटविकारतज्ज्ञांनी मेसालामाइनच्या गोळ्या आणि त्याच औषधाचा एनिमा सुरू केला, लोह दिले. साधारण दोन महिन्यांत रात्रीचे उठणे थांबले. हा आजार मुळापासून जाणारा नव्हे. औषध चालू ठेवावे लागेल आणि ठरलेल्या काळाने दुर्बिणीची तपासणीही करावी लागेल, हे त्यांना समजावून सांगितले आहे. साखरपुडा हुकला होता. लग्नात मात्र ते पंगतीच्या शेवटपर्यंत बसले होते, असे सूनबाईंनी सांगितले.

त्यांची ती विरलेली चिठ्ठी मी मागून घेतली. आता माझ्या प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी, गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि त्यानंतरही त्रास राहिल्यास पुन्हा केव्हा यायचे, हे लिहिलेले असते. आपल्या डॉक्टरांनी ते लिहिले नसेल, तर आपण विचारून लिहून घ्यावे.